रथ, ट्राम आणि जीप : नाशिकच्या चाकांची गोष्ट

१/
नाशिकच्या मेन रोडवरून एके काळी घोड्यांची ट्राम सुटत असे, असे सांगितले तर आज अनेक नाशिककरही प्रथम हसतात. पण ती खरोखर होती. १८८९मध्ये तिचे रूळ पडले. आरंभी पुढे चार घोडे आणि मागे दोन डबे अशी ही गाडी शहर आणि नाशिक रोड स्थानक यांना जोडू लागली आणि ट्रामचा हा मार्ग चार दशकांहून अधिक काळ टिकला. जुन्या मोटारी, चमत्कारिक वाहने आणि मोटारशर्यती यांचे वेड असणाऱ्यांच्या गप्पांत मात्र ही ट्राम सहसा येत नाही. ती का येत नाही आणि यायला का हवी, हा या धाग्याचा विषय.

२/
वाहनवेड वरवर पाहता पोरकट वाटते. चाळिशीतला एखादा गृहस्थ रविवारची सकाळ अंगणातल्या बंद गाडीखाली आडवा होऊन घालवतो. हाताला ग्रीस, कपाळावर काळा डाग. पोहे गार होतात म्हणून घरातून हाका येत राहतात. यातून मिळते काय, असे विचारले तर त्याला धड सांगता येत नाही. पण उत्तर आहे. जुने यंत्र आपले काम लपवत नाही. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तर प्लास्टिकचे आवरण दिसते. १९२०च्या गाडीचे उघडले तर कार्ब्युरेटर, मॅग्नेटो, पंख्याचा पट्टा, सारे उघडे असते आणि प्रत्येकाचे काम नजरेने उमगते. ज्याने कधी मूळ मोडी कागद हातात धरला आहे, त्याला हा आनंद परका वाटणार नाही.

३/
एक उदाहरण पाहू. फोर्ड कंपनीची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात तयार झाली आणि अशा सुमारे दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. तिला तीन पेडल होती, पण त्यांची कामे आजच्यासारखी नव्हती. डावे पेडल पूर्ण दाबले की खालचा गिअर, सोडले की वरचा, मधले पेडल गाडी मागे नेण्याचे, उजवे ब्रेकचे. वेग वाढवायचा तो स्टिअरिंगखालच्या एका छोट्या दांडीने. पेट्रोलला पंप नव्हता. ते टाकीतून आपल्याच भाराने इंजिनाकडे उतरे. त्यामुळे चढ फार उभा असला आणि टाकी अर्धीमुर्धी असली की इंजिन गुदमरे. मग चालक गाडीचे तोंड फिरवून ती मागच्या मागे चढवीत.

४/
आज जो ही गाडी चालवायला शिकतो, तो शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हातापायांच्या सवयी शिकतो. हँडल मारताना अंगठा कसा ठेवावा, नाहीतर उलट्या झटक्याने मनगट कसे मोडते, हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले असले तरी पुस्तकातून येत नाही. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर सुरू होणारे इंजिन आले आणि हळूहळू ते हँडल इतिहासजमा झाले. वाहन जपणारा माणूस धातूबरोबर अशा शेकडो हालचालीही जपत असतो. गाडी मोडीत गेली की त्या हालचालीही जातात आणि मग त्या कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाहीत.

५/
या छंदाला स्वतःचे पंचांगही आहे. ब्रिटिश परंपरेत 'व्हिंटेज' म्हणजे साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. त्याआधीच्या एडवर्डियन आणि व्हेटरन. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांपर्यंत वाढवणारा कायदा अमलात आला, तेव्हा तो साजरा करण्यासाठी मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९२७पासून होणाऱ्या फेरीत आजही १९०५पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश मिळतो. भारतात दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४पासूनची. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८च्या सुमारास आल्या, म्हणजे ब्रायटनच्या त्या फेरीनंतर दोनच वर्षांनी.

६/
पण आपल्याकडे 'जुनी गाडी' म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉइस, चांदीचा मुलामा दिलेले दिवे, शिकारीसाठी उघडे टप. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात निघते तेव्हा तिला पाहायला आजही गर्दी लोटते आणि ते योग्यच आहे. तशी गाडी जगात दुर्मिळ. मात्र ज्या काळात संस्थानिक मोटारीत बसत होते, त्याच काळात उरलेला महाराष्ट्र कशात बसत होता? बैलगाडीत, टांग्यात, छकड्यात, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात. आणि नाशिकमध्ये ट्राममध्ये.

७/
नाशिकला ट्राम का लागली, याचे उत्तर भूगोलात आहे. थळ घाट ओलांडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६५मध्ये देशावर आली. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ त्या काळच्या अभियंत्यांचा कस पाहणारा होता. पण एवढे करून रेल्वे आली ती गोदाकाठच्या गावात आलीच नाही. तिचे स्थानक शहरापासून आठ-दहा किलोमीटर दूर राहिले आणि मधे रान होते. पंचवटीत स्नानाला आलेला यात्रेकरू शेकडो मैल गाडीने येई, पण शेवटचे अंतर टांग्याच्या स्वाधीन असे. सिंहस्थात त्या रस्त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

८/
या शेवटच्या अंतरावर उपाय म्हणून ट्राम आली. तिच्या रुळांतील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. मुख्य रेल्वेच्या ५ फूट ६ इंचांच्या निम्म्याहूनही कमी. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपाशी तिचे एक टोक आणि नाशिक रोड स्थानकापाशी दुसरे. रुळांवरून ओढण्याचे गणित साधे आहे. मातीच्या रस्त्यात चाक रुतते, खड्ड्यात आदळते आणि घोड्याची निम्मी ताकद त्यातच खर्ची पडते. गुळगुळीत लोखंडावर लोखंडी चाक फिरले की तो विरोध अनेक पटींनी घटतो. त्यामुळे तेच घोडे टांग्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे नेऊ शकतात.

९/
घोड्यांच्या ट्राममध्ये तेव्हा नवल नव्हते. मुंबईत ती ९ मे १८७४ रोजीच सुरू झाली होती आणि विजेवर गेली ती १९०७मध्ये. त्याहून मौजेची हकीकत बडोदे संस्थानातली. तिथे डभोई ते मियागाम हा २ फूट ६ इंचांचाच लोहमार्ग १८६२मध्ये सुरू झाला तेव्हा गाडी ओढायला चक्क बैल होते. पुढे त्याच बडोद्याच्या गादीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्याच्या कारकिर्दीत त्या अरुंद रुळांचे जाळे वाढत गेले. आगगाडीचा इतिहास वाफेपासून सुरू होतो, असे आपण शाळेत शिकतो. रुळांचा इतिहास मात्र जनावरांच्या खुरांपासून सुरू होतो.

१०/
नाशिकच्या ट्रामचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८५७मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात जन्मलेला हा माणूस रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यात आणि पुढे क्रू येथील रेल्वे कार्यशाळेत उमेदवारी करून १८८२मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. महाराष्ट्रात फिरताना त्याच्या ध्यानात आले की मोठी रेल्वे मोठ्या गावांची सोय करते, पण तालुक्याच्या बाजारपेठा तिच्यापासून चार पावले दूरच राहतात. तिथवर ५ फूट ६ इंचांची जड रेल्वे नेणे परवडत नाही. स्वस्त, हलके आणि अरुंद रूळ हाच उपाय, हा विचार त्याने आयुष्यभर सोडला नाही.

११/
या विचाराचे मोठे फळ म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. तिचा पहिला टप्पा १८९७मध्ये, आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत, सुरू झाला. कॅलथ्रॉपची युक्ती अशी की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सर्व चाकांवर सारखा वाटला की हलका रूळही पुरतो आणि डबा मात्र भरपूर माल नेतो. त्यासाठी लीड्सच्या कारखान्यात दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यांचे डबे आणि किटसन कंपनीची आठ जोडचाकांची इंजिने बनवून घेतली गेली. ही रेल्वे १९०६मध्ये पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोहोचली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी विठोबाची वाट या चिमुकल्या गाडीतून काटली.

१२/
कॅलथ्रॉप हा खऱ्या अर्थाने वाहनवेडा होता, कारण त्याचे प्रेम एका प्रकारच्या वाहनावर अडकले नाही. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता. घोड्याला मारून नव्हे तर मैत्रीने शिकवावे, असे सांगणारे पुस्तक त्याने १९२०मध्ये लिहिले. रोल्स-रॉइसच्या संस्थापकांपैकी एक चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र. जुलै १९१०मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्सचा मृत्यू झाला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांसाठी पॅराशूट घडवण्याचा ध्यास घेतला आणि 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट तयार केले. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी ते वापरले गेले. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्धभर पॅराशूट मिळाले नाही, ही सल त्याला शेवटपर्यंत राहिली.

१३/
म्हणजे पाहा : नाशिकच्या घोड्यांच्या ट्रामपासून रोल्स-रॉइसच्या संस्थापकापर्यंत अंतर अवघे एका माणसाचे आहे. जो छंदिष्ट रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरच्या पुतळीसाठी जीव टाकतो, त्याला त्या नावामागच्या माणसाचा मित्र नाशिकच्या रुळांची आखणी करून गेला होता, हे सांगितले पाहिजे. राजवाड्यातली मोटार आणि गल्लीतली ट्राम या दोन वेगळ्या इतिहासांतल्या गोष्टी नाहीत. त्या एकाच यंत्रयुगाच्या दोन पायऱ्या आहेत. एकीवर प्रकाश पडला, दुसरी अंधारात राहिली, इतकेच.

१४/
१९३१ ते १९३३ या काळात नाशिकची ट्राम बंद पडली. तो काळच अशा गाड्यांना प्रतिकूल होता. मोटारबस स्वस्त झाल्या होत्या. तिला रूळ लागत नव्हते, तबेला लागत नव्हता, प्रवाशाने हात दाखवला की ती थांबत होती. देशभर रस्ता आणि रेल्वे यांची स्पर्धा इतकी तीव्र झाली की १९३२-३३मध्ये सरकारला त्यासाठी मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांकडून चौकशी करवून घ्यावी लागली. पुढे १९३९चा मोटार वाहन कायदा आला तो याच ओढाताणीच्या पार्श्वभूमीवर. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री निरोप घेऊन गेली, तेव्हा हजारो माणसे तिला पाहायला रस्त्यावर उतरली होती. नाशिकच्या ट्रामच्या नशिबी तशी स्मृती आली नाही.

१५/
आता त्याच शहरातल्या दुसऱ्या एका वाहनाकडे वळू. ते ट्रामपेक्षा कितीतरी जुने आहे आणि आजही चालते : काळाराम मंदिराचा रथ. रामनवमीनंतर येणाऱ्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ पंचवटीतून निघतात. त्यांना इंजिन नाही, घोडे नाहीत. दोर आहेत आणि दोर ओढणारी माणसे आहेत. वाहनांचा इतिहास सांगणारे अशा रथांना मोजत नाहीत, कारण रथ हा धर्माचा विषय मानला जातो. पण चाक, आस, जू, दोर, वळणावर रथ आवरण्याचे कसब, हे सारे वाहनशास्त्रच आहे. आणि या रथाच्या निमित्ताने नाशिकने एक प्रश्न देशासमोर ठेवला, जो कोणत्याही मोटारीने ठेवला नाही.

१६/
२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. महिनाभराने रथोत्सव आला. ९ एप्रिलला स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या निवडक माणसांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात दोराला लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला. झटापट झाली, दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. सत्याग्रह त्यानंतरही काही वर्षे चालू राहिला.

१७/
या प्रसंगाकडे वाहनाच्या अंगाने पाहिले तर एक मूलभूत गोष्ट दिसते. वाहनात कोण बसतो, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. ते कोण ओढतो, कुणाला ओढू दिले जात नाही आणि त्या दोरावर हक्क कुणाचा, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. नाशिकच्या रस्त्यावर त्या वर्षी एका बाजूला ट्रामचा मार्ग शेवटचे श्वास मोजत होता आणि दुसऱ्या बाजूला शतकांच्या जुन्या रथाच्या दोरासाठी माणसे रक्त सांडत होती. त्या काळच्या शहराचे चित्र काढायचे तर ही दोन्ही वाहने चौकटीत हवीत. केवळ चकचकीत मोटारींच्या आधारे लिहिलेला इतिहास ही चौकट अर्धी रिकामी ठेवतो.

१८/
मग मोटारशर्यतींचे काय? नाशिकचा त्यांच्याशी संबंध येतो तो मुंबई-आग्रा रोडमुळे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीकडे ९८ गाड्यांची मॅरेथॉन निघाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करत ती दिल्लीला आली आणि तिथून मुंबईकडे वळली. मुंबईत पोहोचलेल्या गाड्या 'चुसान' या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेण्यात आल्या. अखेरीस बाजी मारली ती अँड्र्यू कॉवन आणि त्याच्या दोन साथीदारांच्या साध्या हिलमन हंटरने. भारतातल्या रस्त्यांवर गाड्या पाहायला लोटलेली गर्दी पाहून परदेशी स्पर्धक थक्क झाले होते.

१९/
अलीकडच्या काळात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही फेरी नाशिकच्या परिसरात भरत आली. रॅली ही सर्किटवरच्या शर्यतीपेक्षा वेगळी. इथे गाड्या एकमेकींच्या पुढे-मागे धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक सुटते आणि लढत घड्याळाशी होते. शेजारी बसलेला सहचालक वहीतल्या खुणा वाचत जातो : किती अंतरावर वळण, ते किती तीव्र, पुढे चढ की उतार. चालक त्या आवाजावर विश्वास ठेवून न दिसणाऱ्या वळणात गाडी घालतो. ज्या मुरमाड वाटांवर एरवी कांद्याच्या आणि द्राक्षांच्या गाड्या जातात, तिथेच हा खेळ रंगतो. त्यामुळे पाहणाऱ्यांत शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने असतात आणि गाडीच्या आवाजावरून गिअर ओळखण्यात ती तरबेज असतात.

२०/
त्या मुलांच्या गावात आणखी एक जुने वाहन हमखास सापडते : जीप. १९४०मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत उभा केला. पुढे विलीस आणि फोर्ड यांनी महायुद्धात ६ लाखांहून अधिक जीपा बनवल्या. भारतात विलीसच्या जीपा जोडण्याचे काम महिंद्र बंधूंच्या कंपनीने मुंबईत माझगावला सुरू केले. ही कंपनी १९४५मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघाली होती; त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९८०च्या दशकात कंपनीचा नाशिकचा कारखाना उभा राहिला आणि २००२मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथेच तयार झाली. ज्या शहराला स्थानकापर्यंत जायला चार घोडे लागत, ते शहर देशाला गाड्या पुरवू लागले.

२१/
यश मिळालेल्या गाड्यांबरोबर अपयशी गाड्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९मध्ये स्वतःच्या कल्पनेने 'मीरा' नावाची चिमुकली मोटार बनवली. मोठे शिक्षण नाही, मोठे भांडवल नाही. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी देशी गाडी असावी, एवढाच हट्ट. पुढची पंचवीसेक वर्षे ते नवनवे नमुने घडवत राहिले, पण परवान्यांच्या त्या जमान्यात मीराचे कारखान्यातले उत्पादन कधीच सुरू झाले नाही. अशा गाडीला लिलावात किंमत नसेल. इतिहासात मात्र तिची किंमत एखाद्या आयात रोल्स-रॉइसपेक्षा कमी कशी मानता येईल?

२२/
हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. तो कायद्याचाही आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी ती चालवता येत नाही. छंदिष्टांना याचा मोठा दिलासा मिळाला, हे खरेच. पण व्याख्या नीट वाचावी. तीत येतात दुचाकी आणि वैयक्तिक वापराच्या चारचाकी मोटारी.

२३/
म्हणजे जुनी रिक्षा या व्याख्येत नाही. ट्रक नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्या पिढीतली एखादी बेडफर्ड बस कुणी जपली असेल तरी तिला ही नोंदणी नाही. टांगा तर मोटारच नाही. ज्या वाहनांनी सर्वाधिक माणसांना नेले, तीच वाहने वारशाच्या व्याख्येबाहेर राहिली. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. ज्यांच्याजवळ जपण्याजोगी खासगी गाडी होती, त्यांनी जतनाची मागणी केली आणि नियम त्या मागणीच्या मापाने बेतला गेला. सार्वजनिक वाहन हे सगळ्यांचे असते, म्हणून ते जपण्याची जबाबदारी कुणा एकाची नसते. नाशिकच्या ट्रामचे नेमके हेच झाले.

२४/
जतन शक्य असते, याचे उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात १९९४पासून देशोदेशींचे रणगाडे ओळीने उभे आहेत आणि त्यांत रोल्स-रॉइसची चिलखती गाडीही आहे. लष्कराने ते केले, कारण लष्कराला आपली परंपरा सांगायची होती. शहरांनाही परंपरा असते. नाशिककडे ट्रामचा मार्ग आहे, गोदाकाठचा रथ आहे, आग्रा रोड आहे, देवळालीची तोफखान्याची छावणी आहे, मोटारींचा कारखाना आहे. भारतातल्या फार थोड्या शहरांना चाकाचा इतका सलग इतिहास लाभला असेल.

२५/
२०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी मेट्रोची घोषणा झाली आणि २,०९२ कोटी रुपयांचा आकडा सांगण्यात आला. 'मेट्रो निओ' असे तिचे नाव. रबरी टायरांवर, विजेच्या तारेखाली धावणारी, भारताला नवीन असलेली गाडी. तिच्या आराखड्यातला एक मार्ग नाशिक रोड स्थानकापर्यंत जातो. म्हणजे १८८९मध्ये जे अंतर सांधायचे होते, तेच आजही सांधायचे आहे. ज्या शहराला आपली पहिली ट्राम आठवत नाही, त्याला हा प्रश्न दर वेळी नवा वाटतो आणि दर वेळी तो पहिल्यापासून सोडवावा लागतो. जुन्या वाहनांची माहिती असण्याचा हा अगदी व्यावहारिक उपयोग.

२६/
म्हणून ज्यांना जुन्या गाड्यांचे वेड आहे, त्यांच्यासाठी काम पुष्कळ आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. आजोबांच्या पेटीतले ट्रामचे किंवा एसटीचे तिकीट, टांग्याचा परवाना, गॅरेजच्या भिंतीवरचा फोटो, बंद पडलेल्या वर्कशॉपातले हत्यार, जुन्या फिटरने तोंडी सांगितलेली युक्ती. यातले प्रत्येक टिपून, तारीख आणि ठिकाण लिहून, दोन प्रती करून ठेवता येते. नगरपालिकेची जुनी दप्तरे, स्थानिक वृत्तपत्रांचे अंक, सार्वजनिक वाचनालयातले संग्रह यांत बरेच काही अजून न उघडलेले पडून आहे.

२७/
राजाची मोटार जपायला राजवाडा असतो. रथ जपायला भाविकांचे हात असतात, आणि ते हात कुणाचे असावेत यासाठी झालेला लढाही आता त्या रथाच्या इतिहासाचाच भाग आहे. ट्रामसाठी, रिक्षासाठी, लाल डब्यासाठी यातले काहीच नाही. त्यांचा वारस कोण, हे अजून ठरलेले नाही. जो त्यांची माहिती आधी लिहून ठेवील, तोच त्यांचा वारस.